नापासानंतरचे वर्ष कसे मोजावे?

दहावीचा निकाल लागला की शाळेच्या फलकावर दोन आकडे लिहिले जातात. एक शाळेचा शेकडा निकाल आणि दुसरा पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण. पेढे वाटले जातात, फोटो निघतात आणि आठवड्याभरात फलक पुसला जातो. शाळेत हजेरीपत्रक असते, जनरल रजिस्टर असते, मोडक्या बाकांची आणि फुटलेल्या परीक्षानळ्यांची नोंद ठेवणारे डेड स्टॉक रजिस्टरही असते. पण नापास झालेली मुले पुढच्या जूनमध्ये कोठे होती, त्यांतली किती पुन्हा अभ्यासाला बसली, किती शेतावर गेली, किती मुलींची लग्ने झाली, याची वही बहुतेक शाळांत नसते.

ही नोंद ठेवायची म्हटली, तर नेमके काय मोजायचे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. पडलेला विद्यार्थी पुन्हा उभारी घेतो म्हणजे काय होते? उभारी हा मुलाचा गुण आहे की परिस्थितीचा? गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत अनेकांनी या प्रश्नाशी झटापट केली. त्या इतिहासातला एक महत्त्वाचा धागा आपल्या शिरूर तालुक्यातल्या पाबळ गावापर्यंत येतो.

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्यांना उभारीची कल्पना नवी नाही. पोलादी पट्टी वाकवून सोडली की ती पूर्ववत होते. कायमची वाकण्यापूर्वी ती किती ऊर्जा साठवून परत देऊ शकते, हे प्रयोगशाळेत मोजता येते. इंग्रजीत या गुणाला जो शब्द आहे, तोच मानसशास्त्रज्ञांनी पुढे मुलांसाठी उचलला. शब्दाबरोबर एक गृहीतही आले. पट्टीचा गुण पट्टीतच असतो, ती कोणाच्या टेबलावर ठेवली आहे यावर तो अवलंबून नसतो. मुलांच्या बाबतीत हे खरे आहे का?

'नापास' कोठून आला?

पंतोजींच्या जुन्या शाळेत मार होता, पाठांतर होते, उजळणी आणि मोडी होती. पण आजच्या अर्थाने नापास होणे नव्हते. मुलगा पावकी-निमकी येईपर्यंत तीच घोकत राही. ती आली की पुढे जाई. कोणाला सहा महिने लागत, कोणाला वर्ष लागे.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्या तुकडीतले. एका ठराविक दिवशी, ठराविक वयाच्या आसपास, सर्वांना एकाच रेषेवरून उडी मारायला लावणारी ही पद्धत होती. रेषेच्या पलीकडे सरकारी नोकरी आणि कॉलेज होते. अलीकडे पडणाऱ्यांसाठी भाषेत शब्दच नव्हता, म्हणून फारसीतला 'ना' आणि इंग्रजीतला 'पास' जोडून तो तयार झाला. गंमत अशी, की हा शब्द परीक्षेच्या निकालाला लागण्याऐवजी माणसाला चिकटला. 'तो गणितात नापास झाला' याचे 'तो नापास आहे' कधी झाले, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

महाराष्ट्रात १९७५ साली नव्या आकृतिबंधातली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. रेषा अकरावीवरून दहावीवर आली, पण तिचे स्वरूप तेच राहिले. नापासांसाठी बरीच वर्षे ऑक्टोबरची परीक्षा होती. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैमध्ये घेण्यास सुरुवात झाली, म्हणजे उत्तीर्ण होणाऱ्याचे वर्ष वाचू शकते. हा बदल वेळापत्रकातला वाटतो, पण उभारीच्या दृष्टीने तो मोठा आहे. का, ते पुढे येईल.

मोजपट्ट्यांची सुरुवात

शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना शास्त्रीय पद्धतीने ओळखण्याचा पहिला मोठा प्रयत्न फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी केला. त्यांची बुद्धिमापन चाचणी १९०५ साली आली. कोणत्या मुलांना जादा मदत लागेल, एवढेच तिचे काम होते. बुद्धी म्हणजे जन्मजात ठरलेली, न बदलणारी राशी आहे, या मताविरुद्ध बिने यांनी १९०९ मध्ये स्पष्ट लिहिले होते. पण ते १९११ मध्ये वारले आणि त्यांची चाचणी अमेरिकेत जाऊन नेमक्या त्याच मतासाठी वापरली गेली. मदतीसाठी केलेली मोजपट्टी शिक्का मारण्यासाठी वापरता येते, हा या इतिहासातला पहिला धडा.

मराठी मुलांसाठी ही चाचणी तयार करण्याचे काम व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला १९३० च्या दशकात केले. परक्या भाषेतले प्रश्न जसेच्या तसे वापरून चालणार नाही, हे ओळखून त्यांनी मराठी आणि कानडी अशी दोन्ही रूपे मुलांवर घासूनपुसून बसवली. बिने-कामत चाचणी या नावाने ती आजही ओळखली जाते.

मात्र या सर्व चाचण्या मूल एका दिवशी कोठे उभे आहे एवढेच सांगत. पडल्यानंतर ते काय करते, हे त्यांत येत नव्हते. ते पाहायचे तर वर्षानुवर्षे मागे राहावे लागते.

कवाई बेटावरची मुले

तसे मागे राहण्याचे काम हवाई द्वीपसमूहातल्या कवाई बेटावर झाले. १९५५ साली तेथे जन्मलेल्या ६९८ बालकांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी जन्मापासून चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. यांतली बरीच मुले उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गरीब कुटुंबांतली होती. गरिबी, जन्मावेळचे अडथळे, घरातली भांडणे, पालकांचे व्यसन किंवा आजार अशा अनेक अडचणी एकदम वाट्याला आलेल्या मुलांचा त्यांनी वेगळा गट केला. या गटातली सुमारे एक तृतीयांश मुले अडचणींना न जुमानता नीट शिकली आणि कर्ती झाली.

या मुलांत काय वेगळे होते? काही गुण त्यांचे स्वतःचे होते. पण जवळजवळ सर्वांच्या आयुष्यात त्यांच्यावर विश्वास ठेवणारे निदान एक मोठे माणूस होते. कोणाची आजी, कोणाची मावशी, कोणाचे शिक्षक.

आम्हाला याहून महत्त्वाचा वाटतो तो पुढचा निष्कर्ष. अठराव्या वर्षी जी मुले 'बिघडलेली' म्हणून नोंदली गेली होती, त्यांतली बहुसंख्य तिशी-चाळिशीपर्यंत सावरली होती. सावरण्याची निमित्ते ठरावीक होती. प्रौढांसाठी खुली असलेली महाविद्यालये, सैन्यातली नोकरी आणि तेथले प्रशिक्षण, चांगला जोडीदार. म्हणजे दुसरी संधी जेथे उघडली तेथे उभारी दिसली. अठराव्या वर्षी मोजणी थांबवली असती, तर हीच माणसे अपयशी म्हणून पुस्तकात गेली असती.

पोलादी पट्टीची उपमा येथे तुटते. माणसाची उभारी त्याच्यात आणि त्याच्यासमोरच्या दारात अशी दोन्हीकडे असते.

प्रश्नावल्यांचा काळ

चाळीस वर्षे वाट पाहायला सगळ्यांना वेळ नसतो. म्हणून प्रश्नावल्या आल्या. १९९३ मध्ये वॅगनिल्ड आणि यंग यांची आणि २००३ मध्ये कॉनर आणि डेव्हिडसन यांची अशा २५-२५ विधानांच्या मोजपट्ट्या प्रसिद्ध झाल्या. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन आणि मार्श यांनी २००८ मध्ये एक उपयोगी भेद केला. घर उद्ध्वस्त होणे, आई-वडील जाणे यांतून सावरणे वेगळे आणि चाचणीत कमी गुण पडणे, गृहपाठ साठणे अशा रोजच्या ठेचांतून सावरणे वेगळे. या दुसऱ्या प्रकाराला आपण 'तरंगणे' म्हणू. तो मोजायला त्यांनी फक्त चार विधाने पुरेशी मानली. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या सायमन कॅसिडी यांनी ३० विधानांची पट्टी केली. तिच्यात विद्यार्थ्याला आधी एका अपयशाचा प्रसंग वाचायला देतात आणि 'तुम्ही असता तर काय केले असते?' असे विचारतात.

या कामाची किंमत कमी करण्याचा आमचा हेतू नाही. पण तीन अडचणी शिक्षकांनी लक्षात ठेवाव्यात. एक, मूल स्वतःविषयी जे सांगते ते आपले मोजमाप होते, आणि अपेक्षित उत्तर कोणते हे आठवीच्या मुलाला चांगले कळते. दोन, 'मी चिकाटीने अभ्यास करतो' याचे उत्तर मूल आजूबाजूला पाहून देते. कडक शाळेतला कष्टाळू मुलगा स्वतःला आळशी समजतो. तीन, नवे नाव म्हणजे नवी गोष्ट असतेच असे नाही. अँजेला डकवर्थ यांनी २००७ मध्ये मांडलेली 'चिकाटी' बरीच गाजली. २०१७ साली क्रेडे आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ती कर्तव्यदक्षता या जुन्याच गुणापासून फारशी वेगळी करता येत नाही, असे आढळले.

गाल्टनचा सापळा

प्रश्नावली नको, सरळ गुणच पाहू, असे कोणी म्हणेल. पहिल्या परीक्षेत पडलेले मूल दुसरीत किती वर आले ते मोजावे. येथे एक जुना सापळा आहे आणि आम्ही स्वतः त्यात सापडलो होतो.

महाविद्यालयात शिकवत असताना आम्ही चाचणीत सर्वात कमी गुण पडलेल्या मुलांचे जादा वर्ग घेतले. पुढच्या चाचणीत त्यांची सरासरी चांगली वाढली. आम्ही खूश झालो. नंतर सहज आदल्या वर्षीच्या, म्हणजे जादा वर्ग न घेतलेल्या तुकडीचे गुण काढून पाहिले. तेथेही तळाची मुले जवळजवळ तितकीच वर आली होती आणि वरची मुले थोडी खाली आली होती.

याचे कारण फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आई-वडील आणि मुलांच्या उंचीच्या अभ्यासात दाखवले होते. फार उंच आई-वडिलांची मुले सरासरीपेक्षा उंच असतात, पण आई-वडिलांइतकी टोकाला नसतात. गुणांचेही तसेच आहे. एका परीक्षेतल्या गुणांत तयारी असते आणि त्या दिवसाचा योगही असतो. ताप आलेला असतो, नेमका न वाचलेला धडा आलेला असतो. तळाच्या मुलांत त्या दिवशी योग वाईट असलेली मुले जास्त असतात. पुढच्या वेळी सगळ्यांचाच योग तसाच वाईट असत नाही, म्हणून गटाची सरासरी आपोआप वर सरकते.

हिशेब करून पाहू. समजा, दोन्ही परीक्षांची सरासरी ५० आहे, गुणांचा विस्तार सारखा आहे आणि दोन परीक्षांच्या गुणांतला सहसंबंध ०.७ आहे. पहिल्या परीक्षेत ३० गुण पडलेले मूल सरासरीच्या २० खाली आहे. दुसऱ्या परीक्षेत ते २० × ०.७ म्हणजे १४ खाली, म्हणजेच ३६ वर असण्याची अपेक्षा आहे. कोणी काहीही न करता ६ गुण वाढले. त्याला ४५ पडले, तर १५ गुणांनी सुधारणा झाली असे म्हणण्याऐवजी ३६ च्या वर ९ गुण मिळवले असे म्हणणे योग्य. याच हिशेबाने ८० गुणांचे मूल ७१ वर येणे अपेक्षित असते, आणि आपण त्याला 'डोक्यात हवा गेली' म्हणतो.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांना इस्रायलच्या वायुदलातल्या एका प्रशिक्षकाने सांगितले होते, की चांगल्या उड्डाणानंतर कौतुक केले की पुढचे उड्डाण बिघडते आणि वाईट उड्डाणानंतर ओरडले की सुधारते. कौतुकाचा आणि ओरडण्याचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. दोन्ही वेळा सरासरीकडे परतणे चालू होते. 'छडी लागे' यावरचा आपल्याकडचा विश्वास किती अंशी याच भ्रमावर टिकून आहे, याचा प्रत्येक शिक्षकाने विचार करावा.

दुसरी चूक याहून मोठी आहे. समजा, १० मुले नापास झाली. त्यांतली ६ फेरपरीक्षेला बसली आणि ४ उत्तीर्ण झाली. फेरपरीक्षेचा निकाल सुमारे ६७ टक्के लागला. पण पडलेल्या १० पैकी ४ म्हणजे ४० टक्केच परतली. बसलीच नाहीत ती ४ कोणत्याही टक्केवारीत येत नाहीत. उभारीची प्रश्नावलीही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, कारण ती वर्गात वाटली जाते आणि ती मुले वर्गात नसतात. ज्यांच्यासाठी मोजायचे तीच मोजणीबाहेर राहतात.

पाबळचा प्रयोग

पुण्याहून नगर रस्त्याने शिक्रापूरला जाऊन डावीकडे वळले, की पुढे पाबळ लागते. मस्तानीची कबर येथे आहे, म्हणून इतिहासाच्या शिक्षकांना गाव ठाऊक असते. पाऊस कमी, शेती बेभरवशाची. वर्गातून गळलेल्या मुलांसाठी १९८३ मध्ये येथे विज्ञान आश्रम सुरू झाला.

तो सुरू करणारे डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट घेतलेले अन्नतंत्रज्ञ. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत आणि नंतर मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात त्यांनी काम केले. मुदतीआधी निवृत्ती घेऊन ते पत्नी मीराताईंसह पाबळला येऊन राहिले. जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांच्या पुण्यातल्या भारतीय शिक्षण संस्थेचा या कामाला आधार होता. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेली नई तालीम हा विचार मागे होताच. कलबागांनी त्याला वेल्डिंग, विद्युतकाम आणि मोजमापाची जोड दिली.

कलबागांची भूमिका सरळ होती. खेड्यातली जी मुले शाळेतून गळतात ती बुद्धीने कमी नसतात, शिकवण्याची रीत त्यांना जुळत नाही. म्हणून हाताने काम करत शिकायचे. ग्रामीण तंत्रज्ञानाच्या एक वर्षाच्या निवासी पदविकेत शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य असे विभाग आहेत. दहावी उत्तीर्ण असण्याची अट नाही. या अभ्यासक्रमाला पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता मिळाली. शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा आठवी ते दहावीचा विषय येथेच घडला आणि राज्य मंडळाने तो स्वीकारला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅबही उभी राहिली. २००३ साली कलबाग गेले. आश्रमाचे काम पुढे चालू राहिले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने पाबळमध्ये पाहण्यासारखे काय आहे? तेथे उभारी मोजण्याची कोणती पट्टी नाही. पण अपयशाचे स्वरूप बदललेले आहे. उदाहरणार्थ, लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण जोडून घुमट उभा करायचा आहे. एखादी पट्टी चुकीच्या मापाने कापली, तर शेवटचा बोल्ट बसत नाही. चूक त्याच दिवशी दिसते, कोठे आहे ते शोधता येते, पट्टी पुन्हा कापता येते. जमिनीचा विद्युतरोध मोजून पाण्याचा अंदाज करायचा असेल, तर बोअर घेतल्यावर अंदाजाची परीक्षा होते. निकाल देणारा परीक्षक अदृश्य नसतो. बोल्ट आणि बोअर हेच परीक्षक असतात, आणि त्यांना मुलाचे आडनाव किंवा मागच्या वर्षीचे गुण ठाऊक नसतात.

शालान्त परीक्षेतले अपयश याच्या अगदी उलट असते. ते वर्षातून एकदा येते, तीन महिन्यांनी कळते, चूक कोठे झाली ते सहसा दिसत नाही, आणि दुरुस्तीची संधी लांब असते. जुलैची फेरपरीक्षा महत्त्वाची वाटते ती याचसाठी. पडणे आणि पुन्हा प्रयत्न करणे यांतले अंतर तिने कमी केले. अंतर जितके लांब, तितका त्या काळात मुलगा रांजणगावच्या कारखान्यात कंत्राटी कामाला लागण्याचा आणि मुलीचे स्थळ पक्के होण्याचा संभव जास्त. त्या मुलीत उभारी कमी होती, असे कोणत्या पट्टीने म्हणायचे?

आम्ही संशोधनात आहोत. आमचे बहुतेक प्रयोग पहिल्या खेपेस फसतात. तरी आम्हाला कोणी नापास म्हणत नाही, कारण दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचे दार उघडे असते आणि कालची नोंदवही टेबलावर असते. पाबळने मुलांना दिले ते हेच दोन: उघडे दार आणि नोंदवही.

शाळेला काय करता येईल?

फार काही लागत नाही. एक वही पुरे. परीक्षेत पडलेल्या प्रत्येक मुलासाठी एक पान ठेवावे आणि त्यावर पाच गोष्टी लिहाव्यात.

निकालानंतर पहिल्या आठवड्यात त्याच्याशी शाळेतले कोण बोलले? हा प्रश्न पहिला ठेवण्याचे कारण शिक्षकांना सांगायला नको. त्या दिवसांत घरी गेलेला एक शिक्षक फार मोठे काम करतो. दुसरी नोंद, ते पुन्हा वर्गात किंवा अभ्यासाला केव्हा आले. तिसरी, चूक कोठे झाली हे त्याला स्वतःला सांगता येते का. चौथी, पुढच्या परीक्षेतले गुण, आणि शेजारी वरच्या हिशेबाने काढलेले अपेक्षित गुण. पाचवी, वर्षानंतर ते काय करत आहे. बसले नाही त्याचे पान फाडू नये. टक्केवारी काढताना भागाकार पडलेल्या सर्वांनी करावा, परीक्षेला बसलेल्यांनी नव्हे.

ही वही मुलांना 'उभारी कमी', 'उभारी जास्त' असे गुण देण्यासाठी वापरू नये. बिने यांच्या चाचणीचे जे झाले ते आपल्या हातून पुन्हा होऊ नये. पाने चाळताना विचारायचा प्रश्न असा, की आपल्या शाळेत पडलेल्या मुलापुढे किती दारे होती, आणि ती किती दिवसांत उघडली?

यंदाच्या निकालापासून ज्या शाळा अशी वही सुरू करतील, त्यांनी वर्षानंतर आपला अनुभव जरूर कळवावा. दहा-वीस शाळांच्या वह्या शेजारी ठेवल्या, तर फेरपरीक्षेचा निकाल सांगू शकत नाही ते काही आपल्याला कळू शकेल.